मेंढरं मोजायची नसतात

मे महिन्यात सकाळी सातला जी पोरं शाळेत येतात, ती स्वतःच्या मर्जीनं आलेली नसतात. कुणाला आईनं बखोट धरून आणलेलं असतं, कुणाला बापानं 'जातूस का घालू दोन' म्हणून पिटाळलेलं असतं. व्हरांड्याच्या पायरीशी उभे असलेले त्यांचे चेहरे पाहिले की वाटावं, ही सुई टोचून घ्यायला आलीत. आत मी बसलेली असते, हातात खडू, आणि त्यांच्या दृष्टीनं सुई ती हीच.

मी नसीम शेख. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही, लहानथोर सगळ्यांना मी 'शेख बाई'. बीड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून गणित शिकवत नोकरी संपवली. निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. तरी दर उन्हाळ्यात चौसाळ्याजवळच्या एका वाडीतल्या शाळेच्या व्हरांड्यात मी हा वर्ग घेते. घरी आमचे साहेब म्हणतात, तुला सुख खुपतं. खुपत असेल.

काम काय, ते सांगते. जूनमध्ये सहावीत किंवा आठवीत जाणाऱ्या पोरांना पुढच्या वर्षीचं गणित आधीच लांबून दाखवून ठेवायचं. आमच्या भागात दिवाळी झाली की निम्मा वर्ग रिकामा होतो. आईबाप ऊसतोडीला जातात, काही जण मेंढरं घेऊन माजलगावकडच्या कालव्याच्या रानात उतरतात, आणि पोरं त्यांच्यामागं जातात. परत येतात तोवर अर्धं पुस्तक होऊन गेलेलं असतं. पुढच्या वर्गात ती बसतात खरी, पण कोऱ्या पाटीनं. आठवीचं पोरगं समीकरणाला अडलं तर खरी अडचण बहुतेक वेळा चौथीतल्या भागाकारात निघते. तो धागा कुठं तुटला ते शोधायचं, तिथं गाठ मारायची आणि उन्हं तापायच्या आत सोडून द्यायचं. एवढाच माझा धंदा.

पहिल्या दिवशी मी काहीच शिकवत नाही. पुढच्या वर्गाचं पुस्तक हातात देते आणि सांगते, यातलं एक पान शोधा, ज्यावरचं काहीतरी तुम्हाला येतं. पोरं पुस्तक असं धरतात, जसं आत विंचू आहे. पण पान सापडतं. प्रत्येकाला सापडतं. मग त्या पानाचा कोपरा दुमडायचा आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी निम्मी भीती गेलेली असते. उरलेल्या निम्म्या भीतीवर माझी सगळी नोकरी खर्ची पडली.

कारण गणिताची भीती नुसती पोरांना नसते. मांजरसुंब्याचा एक ढाबेवाला पोराला घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, याला नफा शिकवा. तोटा ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, "अहो, दोन्ही एकाच धड्यात आहेत."

"आसू द्या की. घरात तोट्याचं नाव निघालं की याची आई जेवत न्हाई. पोरगं मोठ्यानं पाठ करतंय ना. परीक्षेत तेवढं सोडून दील त्यो."

मी त्या पोराला तोटा मनातल्या मनात करायला शिकवलं. बाप खूश, आई खूश, पोरगं पास. हा किस्सा मी शिक्षकांच्या बैठकीत पुष्कळदा सांगितला आणि पुष्कळ हशे मिळवले. सारजा भेटल्यानंतर मात्र तो सांगावासा वाटला नाही.

सारजा माझ्याकडे आली ती सातवी पास होऊन. वाडीतली शाळा सातवीपर्यंतच आहे, आठवीला चौसाळ्याला जावं लागतं. मुलींच्या बाबतीत सातवी आणि आठवीच्या मधला हा उन्हाळा मला फार भिववतो. निकालाच्या दिवशी व्हरांड्यात ज्या मुली असतात, त्या सगळ्या जूनमध्ये आठवीत दिसत नाहीत. कुणाच्या हातात कोयता येतो, कुणाच्या गळ्यात मंगळसूत्र. आणि कुणी विचारत नाही, कारण जुन्या शाळेतून नाव गेलेलं असतं आणि नव्या शाळेत लागलेलं नसतं. मधल्या मध्ये पोरगी हरवते.

तिला घेऊन तिचा बाप आला होता, मल्हारी. धनगर माणूस, उंच, कानात बाळी, डोक्याला लाल पटका. तो पायरीवर चढला नाही. खालीच उभा राहून बोलला.

"बाई, हिला गणित येतंय का तेवढं बगा. येत आसंल तर आठवीला घालतो. न्हाईतर उगं कावून? मेंढरामागं माणूस कमी पडायलंय. अन् सोयरिकीबी यायल्यात."

"सोयरिकी? तेरा वर्षांची आहे ती."

"मी कुटं हो म्हनलो? यायल्यात म्हनलो."

"मला कधीपर्यंत वेळ देता?"

"मिरगापतूर. मिरगाला आमी वाडा हलवतो."

वाडा म्हणजे त्यांचा मेंढरांचा तळ. शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्याला मिळतं, मेंढरांना चारा आणि यांना धान्य मिळतं. तेव्हा त्यांचा वाडा वाडीपासून पुढं ओढ्याकडच्या रानात होता. सारजा तिथून चालत यायची आणि सगळ्यांच्या आधी यायची.

पोरगी हुशार निघाली. इतकी की मला धास्ती वाटावी. हुशार मुलगी हातची गेली तर जास्त लागतं, म्हणून. अपूर्णांक ती भाकरी मोडावी तसे मोडायची. पूर्णांकांच्या वजाबाकीत, जिथं भलेभले गोते खातात, तिथं तिचं एक चिन्ह चुकत नव्हतं. मी मनात म्हटलं, मिरगापर्यंत कशाला, हिचा निकाल आजच लागला.

मग शाब्दिक उदाहरणं आली आणि गाडी अडली. साधं उदाहरण होतं: शेळ्या आणि कोंबड्या मिळून डोकी तीस, पाय चौऱ्याऐंशी, तर शेळ्या किती? सारजानं पेन्सिल खाली ठेवली. मी म्हटलं वाच, तिनं वाचलं. म्हटलं मांड, ती गप्प. दुसऱ्या दिवशी आंबे आणि पेट्या दिल्या, झटक्यात सोडवलं. पुन्हा बैलांचं दिलं, पुन्हा पेन्सिल खाली. एका शाळेत किती मुली, याचंसुद्धा उत्तर देईना. मला वाटलं हट्ट करते. एकदा तर आवाज चढवला. तिचे डोळे भरले, पण हात हलला नाही.

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं.

"काय गं, आंब्याचं येतं आणि शेळीचं का येत नाही?"

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, "जित्राब मोजू न्हाई, बाई."

"का?"

"घटतंय."

"कोण म्हणतं?"

"समदेच. आबा कवाच मोजत न्हाईत. त्येंला तोंडं ठावं हायेत. एक कमी आसंल तर नुसतं बगून कळतंय."

मी हसले नाही. माझ्या माहेरी, बीडला, अम्मी रोट्यांच्या टोपलीवर कापड टाकून ठेवायची, आणि आम्हा भावंडांना ताकीद होती की रोट्या मोजायच्या नाहीत, बरकत जाते. मी गणितात पदवी घेतली, हजारो पोरांना मोजायला शिकवलं, आणि माझ्या स्वयंपाकघरात अजून कणीक अंदाजानं भिजते. तेव्हा सारजाला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटेना.

पण आठवीचं पुस्तक काही अम्मीला विचारून लिहिलेलं नाही. तिथं माणसं आहेत, गाई आहेत, कोंबड्या आहेत, आणि सगळ्यांची मोजदाद आहे. मी दोन दिवस विचार केला आणि मग मला सुचलं. पुस्तकात हल्ली इंग्रजी एक्स असतो, मी अजून जुन्या सवयीनं क्ष म्हणते. मी फळ्यावर क्ष काढला आणि म्हटलं, "सारजा, आपण मेंढरं मोजायची नाहीत. किती आहेत आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्या आकड्याला आपण क्ष म्हणू. आता पुढचं बोल."

बाकीची पोरं क्ष पाहून मागं सरकली. अक्षराचं गणित म्हटलं की दरवर्षी सरकतातच. सारजाचा चेहरा मात्र सुटला. न मोजता मेंढरांबद्दल बोलता येतं, हे तिला फार आवडलं. क्षची दुप्पट, क्षचा पाव, क्षमधून बारा गेले. आठ दिवसांत ती अशी तयार झाली की मी तिला इतरांना शिकवायला बसवू लागले. मंगल नावाची तिची मैत्रीण होती, चांगली खट्याळ, ती म्हणायची, "बाई, हिला क्षची सोयरीक आलीय." सगळे हसायचे, सारजाही हसायची. मी मल्हारीला काय सांगायचं ते मनात घोळवू लागले होते.

एक दिवस मी म्हटलं, आता स्वतःच्या घरातलं एक उदाहरण करून आणा. ही माझी नेहमीची रीत. दुसऱ्याचं गणित सोडवणारा पास होतो, स्वतःचं मांडणारा शिकतो, असं मी पोरांना दरवर्षी ऐकवते. कुणी पाण्याच्या हंड्यांचं आणलं, कुणी विटांचं. सारजा फळ्यापाशी गेली आणि तिनं मांडलं: एका वाड्यात क्ष मेंढरं. त्यातली निम्मी काळी. पाव तांबडी. उरलेली कोकरं डालग्याखाली. डालगी पाच, एका डालग्यात कोकरं मावतात चार.

कोकरं दिवसा मोठ्या टोपल्यांखाली झाकून ठेवतात, ती डालगी. तिनं कोकरं मोजली नव्हती, डालगी मोजली होती; एकात चार मावतात हे डालग्याचं मापच. निर्जीव वस्तू मोजायला हरकत नाही. मला एवढा आनंद झाला की मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. निम्मी गेली, पाव गेली, उरला क्षचा पाव भाग. पाच चोक वीस. क्षचा पाव बरोबर वीस. तिनं भराभर लिहिलं, चौपट केली आणि मोठ्यानं वाचलं, "क्ष बरोबर ऐंशी."

आणि थांबली.

मागून मंगल ओरडली, "सारजाच्या आबाची मेंढरं ऐंशी."

सारजानं ओढणीच्या टोकानं फळा पुसला. क्ष पुसला, ऐंशी पुसले, पुसलेल्या जागी पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली. मी शाबासकी देत होते. मला वाटलं लाजली.

दुसऱ्या दिवशी ती आली, पण बोलली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आली नाही. मंगल आली आणि दप्तर टेकायच्या आधी म्हणाली, "बाई, सारजाची मेंढरं मेली. लई मेली."

 खरं सांगते, पहिल्यांदा मनात मेंढरं आली नाहीत, सारजाही आली नाही. पहिल्यांदा मनात आलं, त्या पोरीनं घरी सांगितलं तर? शेख बाईनं मेंढरं मोजून घेतली आणि कळप मेला, एवढं एक वाक्य पारावर पोचायला किती वेळ लागतो? इतकी वर्षं मी या वाडीत येते, लोक मला हळदी-कुंकवाला बोलावतात, त्यांच्या लेकींच्या लग्नात मी आहेर करते. पण हल्लीच्या दिवसांत अफवेला आडनाव लागलं की ती वेगानं पळते, हे मलाही कळतं. मग स्वतःची लाज वाटली. मी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला आणि मंगलला म्हटलं, चल, वाट दाखव.

रानातून जाताना मंगलनं काय झालं ते सांगितलं. आदल्या दिवशी मल्हारी सकाळीच बाजाराला गेला होता. मेंढरं घेऊन त्याचा भाऊ गेला. वाटेत एका शेतात कडवळ, म्हणजे चाऱ्याची हिरवी ज्वारी, कापून नेलेलं होतं. विहिरीचं पाणी आटल्यानं शेतकऱ्यानं त्या तुकड्याला पाणी तोडलं होतं, आणि कापलेल्या खोडांना उन्हात खुरटे कोवळे फुटवे आले होते. ते फुटवे जनावराला विषारी असतात. धनगराच्या पोराला हे चालता येण्याआधी कळतं. पण भावाचा क्षणभर डोळा लागला म्हणे, लिंबाखाली. मेंढरं आत शिरली. उठून हाकून काढेपर्यंत पहिली लटपटायला लागली होती.

वाड्यावर गेलो तेव्हा मेलेली मेंढरं पुरून झाली होती. किती मेली ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उरलेली वाघरीत, म्हणजे सुताच्या जाळीच्या कुंपणात, दाटीवाटीनं उभी होती. मल्हारी पलीकडं भावाशी बोलत होता. सारजाची आई चुलीपाशी होती. तिनं मला नुसतं बोटानं दाखवलं.

सारजा डालग्यांच्या आडोशाला बसली होती, मेंढरांकडं पाठ करून. डोळे गच्च मिटलेले. मी जवळ बसले आणि डोक्यावर हात ठेवला तरी उघडले नाहीत.

"मी म्हनलं ना बाई, घटतंय म्हनून."

"सारजा, ज्वारीच्या फुटव्यांनी झालं ते. तुला माहीत आहे."

"फुटवे तर आधीबी हुते. त्या रानाच्या बाजूनं रोज जातो आमी. मोजल्यावरच कावून शिरली? काकाचा डोळा तवाच कावून लागला?"

 दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीमुळे घडते असं नाही, हे मी कॉलेजात शिकले होते. ते वाक्य त्या रानात, त्या वासात, मला उच्चारता आलं नाही. आणि आतून मीसुद्धा घाबरले होते. माझा विश्वास नव्हता, तरी घाबरले होते. दोन्ही एका पोटात राहू शकतं.

"डोळे उघड आधी."

"न्हाई."

"का गं?"

"उघडले की आकडे येतेत." तिचा आवाज बारीक झाला. "आधी नुसती मेंढरं दिसायची. आता काळी किती, तांबडी किती, आपोआप व्हतंय. तुमी शिकवलंत. आता बंद कसं करायचं ते सांगा."

इतक्या वर्षांत मला पोरांनी हजार प्रश्न विचारले. शिकलेलं परत कसं घ्यायचं, हे कुणी विचारलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि ते मी लपवलं नाही.

तेवढ्यात मल्हारी आला. सारजानं माझ्या साडीचा पदर घट्ट धरला, म्हणजे सांगू नका. मी सांगणार नव्हतेच. तो आमच्यासमोर उकिडवा बसला, पटका काढून मांडीवर ठेवला. मला म्हणाला, "बाई, उनाचं कावून आलात?" आणि मग लेकीकडं बघून, "कालपासून पाणीबी न्हाई घेतलं हिनं. मेंढरासाठी येवढं?"

सारजाला ते सोसलं नाही. डोळे मिटल्या मिटल्याच तिनं सगळं सांगून टाकलं. क्ष, डालगी, पाव भाग, फळा. सगळं. चुलीपाशी तिच्या आईचा हात थांबला. मी मल्हारीच्या हातातल्या काठीकडं बघत होते. तो हात उचलेल आणि मी मध्ये पडेन, एवढीच तयारी मी मनात केली होती.

त्यानं हात उचलला नाही. विचारलं, "कितीक निगाली?"

"ऐंशी."

तो आकडा ऐकताना त्याचा चेहरा असा झाला, जसा चटका बसावा. त्यानं मान वळवून मेंढरांकडं पाहिलं, पुन्हा लेकीकडं पाहिलं. 

"फुटव्यानं मेली," तो शेवटी म्हणाला. "पोट तटतटून फुगलं, तोंडाला फेस आला. म्या बापाच्या येळंपासून बगतोय."

"पर आबा..."

"तू म्हनतीस तसंबी आसंल. मला काय ठावं." तो उठला. "साळंत जायचं भ्या वाटायलंय व्हय तुला आता?"

तिनं मान हलवली. हो.

मल्हारी वाघरीपाशी गेला. एका कोपऱ्याची जाळी सोडून त्यानं एकच मेंढरू बाहेर पडेल एवढी फट केली आणि भावाला आतून हाकायला लावलं. तो काय करतोय हे मला कळायच्या आतच त्यानं सुरुवात केली होती. पहिलं मेंढरू फटीतून बाहेर आलं आणि तो मोठ्यानं म्हणाला, "लाभ."

आमच्याकडं धान्याची रास मापताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. दुसरं बाहेर आलं. "दोन." तिसरं. "तीन." सारजाच्या आईनं तोंडाला पदर लावला. भाऊ आतून म्हणाला, "दादा, काय करायलास रं?" मल्हारीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्याला विसापर्यंतच मोजता येत होतं. वीस झाले की तो वाकून एक खडा उचलायचा, मुठीत धरायचा आणि पुन्हा लाभपासून सुरू करायचा. त्याचा आवाज सुरुवातीला मोठा होता, नंतर घोगरा झाला. कपाळावरून घाम वाहत होता. प्रत्येक आकडा तो असा उच्चारत होता, जसा स्वतःच्या अंगातून काटा उपसतोय. सारजानं केव्हा डोळे उघडले ते मला कळलं नाही, पण ती उभी होती आणि बापाकडं बघत होती.

शेवटचं मेंढरू बाहेर आलं. माझ्या डोक्यात बेरीज झाली होती. ती मी कुणाला सांगितली नाही आणि इथंही लिहीत नाही.

मल्हारी लेकीपाशी आला. "बग, मोजली. समदी म्या मोजली, माज्या तोंडानं मोजली. आता काय व्हायचं आसंल ते माज्यावर. तुजा काय संबंद ऱ्हायला न्हाई." मग थोडं थांबून म्हणाला, "तू तुजं गणित कर."

तो घाबरला नव्हता असं कुणी समजू नये. मी त्याच्या इतकी जवळ उभी होते की त्याच्या मुठीतले खडे एकमेकांवर वाजताना मला ऐकू येत होते. सारजाच्या आईनं मीठ-मिरच्या आणल्या, आधी नवऱ्यावरून ओवाळल्या, मग मेंढरांवरून, आणि चुलीत टाकल्या. माझ्यावरूनही एक फेरी निघाली असती तर मी नको म्हटलं नसतं.

दुसऱ्या सकाळी मी व्हरांड्यात लवकर येऊन बसले. त्या सकाळइतकी भीती मला कुठल्या अधिकाऱ्याच्या तपासणीलाही वाटली नव्हती. एखादं जरी मेंढरू रात्रीत गेलं असतं, तर त्या पोरीला परत आणायला माझ्याकडे शब्द उरले नसते, आणि त्या बापाचं काय झालं असतं याचा तर विचारही करवत नव्हता. ओढ्याकडच्या वाटेवर ती दिसली तेव्हा मी तिच्या चालीवरून अंदाज बांधायला लागले.

पायरी चढून ती म्हणाली, "समदी हायेत."

"मोजलीस?"

"न्हाई. वळखली."

मी म्हटलं, बस, आणि फळ्यावर आंब्यांचं उदाहरण लिहिलं. तिनं मला थांबवलं आणि पुस्तकातलं शेळ्या-कोंबड्यांचं पान उघडलं. अक्षर थोडं हललं, पण उत्तर लिहिलं. बारा शेळ्या, अठरा कोंबड्या.

मिरगाला त्यांनी वाडा हलवला, पण चौसाळ्याला चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर, आणि मल्हारी शाळा उघडायच्या दिवशी लेकीला घेऊन चौसाळ्याला आला. मीही गेले होते. नाव दाखल झालं, पुस्तकं मिळाली, सारजा आठवीच्या वर्गात जाऊन बसली. जाता जाता मल्हारी व्हरांड्यातल्या खिडकीशी थबकला. आत सर आकडे म्हणत होते आणि पोरं एकेक करून 'हजर' म्हणत होती.

"ह्ये काय चाललंय, बाई?"

"हजेरी."

"पोरं मोजतेत?" त्याचा चेहरा पुन्हा त्या दिवसासारखा झाला. "रोज?"

"रोज मोजतात. एखादं कमी भरलं, तर ते कुठं गेलं म्हणून विचारायला येतात."

आतून एक आकडा आला आणि त्याच्यापाठोपाठ सारजाचा आवाज, "हजर." मल्हारीनं खिडकीचा गज धरला होता. त्यानं खाली मान घातली.

"इचारायला येतेत म्हनता," तो म्हणाला. "मंग मोजू द्या."

तो गेला. मी तिथंच उभी राहिले. विचारायला येतात, हे मी ठासून सांगितलं होतं, आणि किती घरी कुणी आलं नाही ते मला ठाऊक होतं. हजेरी संपल्यावर मी सरांना दारापाशी बोलावलं आणि माझा नंबर दिला. म्हटलं, ही मुलगी ज्या दिवशी कमी भरेल, त्या दिवशी मला कळवा, मी जाईन.

सारजा आता नववीत आहे. सकाळी हजेरीच्या सुमारास फोन वाजला की अजून मी आधी पायात चपला घालते, मग तो उचलते.